समोर प्रेक्षक नसताना: व्हायटाफोनचे लघुपट कसे बघावेत?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नाट्यशास्त्राच्या प्रबंधासाठी तुम्ही १९२६ ते १९३० मधले व्हायटाफोनचे (चित्र रिळावर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर, अशा वॉर्नर बंधूंच्या बोलपट-पद्धतीचे) चाळीसेक लघुपट बघितलेत. त्यातले गायक, विनोदवीर, नर्तक खांबासारखे एका जागी उभे राहतात, मध्येच कारण नसताना थांबतात, आणि बऱ्याच ठिकाणी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. त्यामुळे हे प्लेबॅक असावं असं तुम्हाला वाटतं. पण ही सगळी मंडळी त्या काळच्या अमेरिकन रंगमंचावर, विशेषतः व्हॉडव्हिल या करमणुकीच्या खेळांत, गाजलेली होती. मग ‘व्हॉडव्हिल असंच सादर व्हायचं’ असं प्रबंधात लिहावं का, हा तुमचा पेच आहे.

तसं लिहू नका. पण म्हणून हे लघुपट पुरावा म्हणून बाजूलाही टाकू नका. कलाकार ताठ का दिसतात यापेक्षा मोठा प्रश्न असा, की या फितीवर नेमकं काय टिपलं गेलंय. रंगमंचावरचा प्रयोग नक्कीच नाही. प्रयोगातला एक तुकडा, दहा मिनिटांत बसवलेला, बंद खोलीत, एकही प्रेक्षक नसताना आणि एका दमात केलेला, एवढंच तिथे आहे. चित्रात तडजोडी भरपूर आहेत, आवाजात फार थोड्या. म्हणून माझा आग्रह असतो की हे लघुपट आधी कानाने बघावेत. गेली सव्वीस वर्षं मी जुन्या तबकड्या आणि जुन्या फिती यांचा आवाज सोडवून जुळवण्याचं काम करते. पुढे जे लिहितेय ते बरंचसं त्या कामातून आलंय.

माझ्या उत्तरातला काही भाग तुमच्या यादीवर अवलंबून आहे. लघुपट १९२६ चा की १९२९ चा, याने फार फरक पडतो. तुम्ही बघितलेली प्रत मूळ तबकडीवरून आवाज घेऊन नव्याने जुळवलेली आहे, की कुणीतरी जुन्या छापील प्रतीवरून उतरवलेली, यानेही पडतो. आणि समोर ऑपेराचा गायक आहे, विनोदी जोडी आहे की बुटांचे ठोके वाजवत नाचणारा टॅप नर्तक, त्यावर ‘ताठ’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात आठ-नऊ वेगवेगळे आयटम: कसरती, गाणी, नकला, नाच, छोटी प्रहसनं, शिकवलेले प्राणी. लोक अजून जागा शोधत असताना पहिला आयटम बहुधा बिनआवाजाचा, कसरतीचा. मुख्य आकर्षण शेवटून दुसऱ्या क्रमांकावर. मध्ये नेपथ्य बदलायचं असेल तेव्हा पुढचा पडदा पाडून एक-दोन माणसं त्याच्यासमोर, फूटलाइट्सच्या (रंगमंचाच्या पुढच्या कडेवरच्या दिव्यांच्या) अगदी जवळ उभी राहून आपला आयटम करत. तुमच्या चाळिसांतल्या कितीतरी लघुपटांत मागे रंगवलेला पडदा आहे आणि पुढे जेमतेम दोन पावलांची जागा आहे. हा सगळा दोष स्टुडिओचा नाही. गप्पा मारणारी, गाणारी जोडी खऱ्या रंगमंचावरही तेवढ्याच पट्टीत उभी असायची. म्हणजे उभं राहण्याची जागा बरीचशी खरी आहे, बदलल्यात त्या हालचाली.

हालचाली का आखडल्या हे समजण्यासाठी चित्रीकरणाची पद्धत समजून घ्या. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या वॉर्नर्स थिएटरात व्हायटाफोनचा पहिला कार्यक्रम झाला. मुख्य चित्रपट ‘डॉन जुआन’, त्याच्याआधी लघुपटांची मालिका. त्या रात्रीची नावं बघा: न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, व्हायोलिनवादक मिशा एलमन, ऑपेरातले जोव्हानी मार्टिनेल्ली आणि मॅरियन टॅली. व्हॉडव्हिलच्या वळणाचा म्हणावा असा एकच माणूस होता, युकुलेले, बँजो, हवाइयन गिटार आणि हार्मोनिका वाजवणारा रॉय स्मेक. वॉर्नर बंधूंना पहिल्या रात्री प्रतिष्ठा हवी होती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या कार्यक्रमात मात्र अल जोल्सन, जॉर्ज जेसल, विली आणि यूजीन हॉवर्ड असे रंगमंचावर हशा आणि टाळ्या घेणारे लोक आले. या दोन कार्यक्रमांतला फरक तुमच्या प्रबंधात यायला हवा. मार्टिनेल्ली एका जागी उभा राहून गातो तेव्हा त्याच्या कलेचं फारसं काही हरवत नाही. जोल्सन मात्र अख्खा रंगमंच वापरणारा माणूस होता.

हे सुरुवातीचे लघुपट न्यूयॉर्कच्या ३४व्या रस्त्यावरच्या मॅनहटन ऑपेरा हाउसमध्ये चित्रित झाले. जवळच भुयारी रेल्वेचं खोदकाम चालू होतं आणि त्याचे हादरे ध्वनिमुद्रणात येत. (पुढे १९३१ मध्ये ‘आलम आरा’च्या वेळी मुंबईच्या ज्योती स्टुडिओला शेजारच्या रेल्वेमार्गामुळे रात्री-अपरात्री काम करावं लागलं. ध्वनीच्या पहिल्या पिढीला आगगाडीने सगळीकडेच छळलं.) कॅमेऱ्याच्या मोटारीचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघेही काच लावलेल्या बंद खोक्यात. ते खोकं हलवणं अवघड. माइक एका जागी बांधलेला. त्याच्यापासून चार पावलं दूर गेलं की आवाज विरळ व्हायचा. कार्बन आर्कचे दिवे सूं सूं करायचे, म्हणून साधे तापणारे दिवे, आणि त्यांची धग.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज थेट फिरत्या मेणाच्या तबकडीवर कापला जात होता. मेण कापून जोडता येत नाही. चौथ्या मिनिटाला शब्द चुकला तर पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालवत, एक दुरून, एक जवळून, आणि नंतर चित्राचे तुकडे त्या अखंड आवाजावर बसवत. तुम्हाला लघुपटात जवळचं-लांबचं दृश्य बदलताना दिसतं, पण गाणं कुठेही तुटलेलं नसतं. वाद्यवृंदही तिथेच, चौकटीबाहेर बसून त्याच क्षणी वाजवत होता. म्हणून प्लेबॅकची शंका या लघुपटांपुरती काढून टाका. आधी गाणं ध्वनिमुद्रित करून मग चित्रीकरण करण्याची रीत अमेरिकेत १९२९ च्या ‘द ब्रॉडवे मेलडी’च्या सुमाराला आली, आपल्याकडे १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’ आणि ‘धूप छाँव’पासून.

मग ओठ का जुळत नाहीत? तर चित्र एका रिळावर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर असल्यामुळे. सोळा इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण अकरा मिनिटं. हजार फुटांचं रीळ मिनिटाला ९० फुटांनी चाललं की तेवढाच वेळ घेतं, त्यामुळे दोन्ही एकत्र संपतात. ऑपरेटर रिळावरच्या खुणेची चौकट (फ्रेम) यंत्रात बसवायचा, तबकडीवरच्या बाणापाशी सुई ठेवायचा आणि दोन्ही एकाच मोटारीवर सुरू करायचा. सुई आतून बाहेर जायची, कारण आतल्या छोट्या वळणांवर आवाज सर्वांत लवकर फाटतो आणि तिथे ताजी, टोकदार सुई लागते. प्रत्येक खेळाला सुई नवी. तबकडीच्या लेबलवर खेळ मोजायला चौकोन छापलेले असत. वीसेक खेळ झाले की ती बाद करायची.

आता तुमच्या कामाची गोष्ट. ओठ आणि आवाज कसे चुकतात यावरून प्रतीचं दुखणं ओळखता येतं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सारखंच अंतर असेल, तर सुरुवातीची खूण चुकीची धरली आहे. अंतर हळूहळू वाढत गेलं, तर चित्र किंवा तबकडी उतरवताना वेग चुकला आहे. एका जागेपर्यंत सगळं नीट आणि तिथून पुढे आवाज अचानक मागे पडला, तर तिथे फिल्म तुटली होती आणि जोडताना काही चौकटी गेल्या. खरं तर ऑपरेटरने गेलेल्या चौकटींइतकीच काळी फीत मध्ये घालायची असते, पण घाईत ते राहून जायचं. आणि आवाज एकदम पावणेदोन-दोन सेकंद पुढे उडाला, तर सुईने एक वळण गाळलं आहे. तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, हिशेब बरोबर बसतो. प्लेबॅकवर ओठ हलवणाऱ्याच्या चुका अशा नसतात. तो प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेगवेगळा चुकतो, कधी आधी, कधी उशिरा, आणि ओळीच्या मध्ये सावरतो. तुमच्या यादीतले पाच लघुपट निवडून ही परीक्षा घ्या, शंका राहणार नाही.

जुळवताना मी पवर्ग धरते. प, फ (इंग्रजी ‘एफ’ नव्हे), ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात, भाषा कुठलीही असो. गाण्यात ‘बेबी’ किंवा ‘मॅमी’ असा शब्द आला की ओठ मिटलेली चौकट शोधायची आणि त्या आवाजाखाली बसवायची. असे तीन-चार शब्द सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सापडले की बाकीचं आपोआप बसतं. नर्तक असेल तर बूट जमिनीला टेकण्याची चौकट.

इथे माझी एक चूक सांगायला हवी, कारण तुम्ही ‘स्वच्छ’ प्रती शोधत आहात असं दिसतं. काम शिकत होते तेव्हा एका टॅप नृत्याच्या लघुपटाची खरखर मी संगणकावर फार मन लावून काढली. ऐकायला गुळगुळीत झालं आणि मी खूश होते. ज्येष्ठ सहकाऱ्याने ऐकून एवढंच विचारलं, बूट घासल्याचा आवाज कुठे गेला? टॅपमध्ये ठोक्याइतकंच घासणं महत्त्वाचं असतं, नर्तकाची ओळख बऱ्याचदा त्यातच असते, आणि माझ्या प्रोग्रॅमने ते खरखर समजून पुसून टाकलं होतं. सगळं काम पहिल्यापासून केलं. तेव्हापासून थोडी खरखर असलेली प्रत मला जास्त विश्वासाची वाटते. एकाच लघुपटाच्या दोन प्रती मिळाल्या तर तुम्हीही खरखरीतली आधी ऐका.

चित्रालाही एक इजा झालेली असते. पुढे आवाज फिल्मवरच छापायची पद्धत रूढ झाली, तेव्हा तबकडीवाल्या लघुपटांच्या नव्या प्रती काढताना आवाजाची पट्टी चित्राच्या डाव्या कडेवर बसली आणि तेवढं चित्र गेलं. एखादी जोडी विचित्रपणे एका बाजूला सरकल्यासारखी वाटली, डावीकडच्याचा खांदा कापलेला दिसला, तर त्यांच्या उभं राहण्यावर टीका करण्याआधी प्रत तपासा.

आता त्या थांबण्याबद्दल. मला स्वतःला हे लघुपट सर्वांत जास्त आवडतात ते या थांबण्यांमुळे.

विनोदी जोडी वाक्य टाकते आणि गप्प राहते. तुम्हाला ते रिकामं वाटतं. पण ती जागा हशाची आहे. वर्षानुवर्षं गावोगाव तोच आयटम करून अंगात भिनलेलं माप आहे ते: इथे मोठा हशा, इथे छोटा, इथे गॅलरीतून उशिरा येणारा. स्टुडिओत हसायला कोणी नाही. तंत्रज्ञांना तर श्वासही जपून घ्यायचा. तरी ती जागा सुटत नाही. काहीजण घाबरून ती गाळतात आणि विनोद एकमेकांवर आदळतात, काहीजण बरोबर तेवढाच वेळ थांबतात. घड्याळ लावून हे थांबे मोजा. १९२८ च्या प्रेक्षकांच्या हशाची लांबी तुमच्या हातात येईल, आणि ती दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळणार नाही.

जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांचा १९२९ चा ‘लॅम्बचॉप्स’ बघितला नसेल तर आज बघा. दोघं दिवाणखान्याच्या सेटवर येतात आणि आधी प्रेक्षक शोधतात. ग्रेसी इकडेतिकडे, सामानसुमानात डोकावून बघते. मग कॅमेरा सापडतो आणि आयटम सुरू होतो. प्रेक्षक नसण्याची अडचण त्यांनी लपवली नाही, तिचाच पहिला विनोद केला. उलट, जोल्सनचा १९२६ चा ‘अ प्लॅन्टेशन ॲक्ट’ बघा. तो तीन गाणी म्हणतो आणि शेवटी पुन्हा पुन्हा पडद्यापुढे येऊन वाकून नमस्कार करतो, रिकाम्या खोलीला. आपल्याकडच्या संगीत नाटकाची ज्यांना सवय आहे त्यांना हे चटकन कळेल. वन्स मोअर मिळालाच नाही, तरी शरीर वन्स मोअर घ्यायला परत येतं. ‘अजून तुम्ही काहीच ऐकलं नाही’ हे त्याचं १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मुळे प्रसिद्ध झालेलं वाक्यही या लघुपटात आधी येऊन गेलंय. आणि हा लघुपट कित्येक वर्षं हरवलेला होता. चित्र चुकीच्या नावाखाली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होतं, तबकडी सापडली ती तुटून चिकटवलेली. असे कितीतरी लघुपट अर्धेच उरले आहेत, कुणाचं नुसतं चित्र, कुणाचा नुसता आवाज. १९९१ पासून ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’च्या संग्राहकांनी माळ्यांवरून आणि खासगी संग्रहांतून तबकड्या शोधून संग्रहालयांतल्या मुक्या रिळांशी त्यांची गाठ घालून दिली. शंभराहून जास्त लघुपट असे पुन्हा बोलते झाले.

इथपर्यंतचं एका ओळीत: उभं राहणं बरंचसं रंगमंचाचं, आखडणं माइकचं, न जुळणारे ओठ प्रतीचे, आणि थांबे खऱ्या प्रेक्षकांचे.

वेळेचाही विचार करा. रंगमंचावरचा आयटम बऱ्याचदा रिळापेक्षा लांब असायचा. बसवताना आधी जायचं ते प्रेक्षकांशी बोलणं, उत्स्फूर्त जोड, वाढवून घेतलेलं शेवटचं कडवं. बाल गंधर्वांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरून रंगमंचावर ते पद किती रंगत असेल याचा अंदाज घेताना आपण जी खबरदारी घेतो, तीच इथे घ्यायची. तबकडी खोटी नसते, पण ती पदाचा सांगाडा आणि गळा देते, विस्तार देत नाही.

कलाकारांनी हे का केलं, हाही तुमच्या प्रबंधाचा भाग व्हावा. दहा-पंधरा मिनिटांचा एक घोटलेला आयटम व्हॉडव्हिलमध्ये वर्षानुवर्षं पोट भरायचा, कारण प्रत्येक गावाला तो नवा असायचा. तोच लघुपट झाला की एका हंगामात देशभर दाखवला जाई. पैसे एकदाच मिळायचे आणि आयटम जुना व्हायचा. थिएटरमालकाला कलाकार, वाद्यवृंद, प्रवासखर्च काहीच लागेनासं झालं आणि हजारो वादकांची कामं गेली. ब्रॉडवेवरचं पॅलेस थिएटर म्हणजे व्हॉडव्हिलची पंढरी. १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये तेही सिनेमागृह झालं. रेडिओ आणि मंदीचाही त्यात हात होता, सगळं खापर लघुपटांवर फोडता येणार नाही. पण हे चेहरे बघताना मला नेहमी वाटतं, की ही माणसं आपली शिदोरी कॅमेऱ्यापुढे उलगडून ठेवत होती.

आणखी एक गोष्ट प्रबंधात टाळू नका. जोल्सनच्या त्या लघुपटात त्याने चेहऱ्याला काळं फासलंय. कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याची ही रीत त्या रंगमंचाचा रोजचा भाग होती, आणि तिचा अपमान आज मवाळ करून सांगू नये. त्याच वेळी खरे कृष्णवर्णीय कलाकार व्हायटाफोनच्या सुरुवातीच्या यादीत फारच थोडे दिसतात. त्यांना शोधायला थोडं बाजूला जावं लागतं. ली डी फॉरेस्टच्या फोनोफिल्मवर (आवाज फिल्मवरच छापणारी पद्धत) १९२३ मध्येच नोबल सिसल आणि यूबी ब्लेक गाऊन-वाजवून गेले होते. ब्लूज गायिका बेसी स्मिथचं पडद्यावरचं एकमेव दर्शन १९२९ च्या ‘सेंट लुई ब्लूज’ या लघुपटात आहे. आणि १९३२ चा ‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’ हा व्हायटाफोनचाच लघुपट, त्यात यूबी ब्लेकच्या वाद्यवृंदासमोर निकोलस बंधू नाचतात. धाकटा हॅरोल्ड तेव्हा अकरा वर्षांचा होता. तोवर कॅमेरा खोक्यातून बाहेर आला होता. १९२७ चा एखादा नाच बघून लगेच हा बघा. माइक आणि कॅमेरा मोकळे झाल्यावर काय बदलतं ते सांगायला मग माझी गरज उरणार नाही.

बघण्याची माझी पद्धत अशी. आधी पडदा झाकून फक्त ऐका. कुठे श्वास, कुठे थांबा, कुठे आवाज माइकपासून दूर गेला, ते वेळेसकट टिपा. मग आवाज बंद करून बघा आणि फक्त डोळ्यांकडे लक्ष द्या. रंगमंचावर मुरलेला कलाकार मधूनमधून वर बघतो, गॅलरीकडे, स्टुडिओत तिथे नुसतं छत असलं तरी. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. तीन वेळा दहा मिनिटं, म्हणजे एका लघुपटाला अर्धा तास. चाळीस बघण्यापेक्षा बारा असे बघा.

आणि ‘ताठ’ हा शब्द लिहिण्याआधी शॉ आणि ली या जोडीचा १९२८ चा ‘द बो ब्रमेल्स’ पुन्हा लावा. दोघं सारखाच वेष करून शेजारी शेजारी उभे, चेहऱ्यावर रेषही हलत नाही, सपाट आवाजात निरर्थक गाणी आणि विनोद. हे माइकच्या भीतीने नाही. रंगमंचावरही ते असेच उभे राहत, तीच त्यांची अदा होती. या एका लघुपटात यंत्राला हवं होतं ते आणि कलाकाराला हवं होतं ते नेमकं एकच निघालं, म्हणून शंभर वर्षं होत आली तरी तो जराही जुना वाटत नाही. तुमच्या यादीतले बाकीचे त्याच्या शेजारी ठेवून बघा, कोण खरोखर आखडलंय ते लगेच दिसेल.